राष्ट्र सेवा दलाचे कलापथक : एका फेराचा इतिहास

कलापथकाला स्वतःचे नाट्यगृह कधीच नव्हते. त्यामुळे त्याचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची पहिल्याच ओळीत पंचाईत होते. एरवी संस्थेचा इतिहास म्हणजे कोनशिला, उद्घाटनाचा फोटो, देणगीदारांची पाटी आणि अध्यक्षांची यादी. इथे कोनशिला नाही. शाळेचे पटांगण, धान्यबाजारातला ओटा, गिरणगावातल्या दोन चाळींमधली मोकळी जागा, देवळासमोरचा पार, अशा जागांवर हा रंगमंच रात्री उभा राहायचा आणि सकाळी मोडला जायचा. जे मागे राहिले ते माणसांत राहिले, गाण्यांच्या वह्यांत राहिले आणि काही नावे पुढे सिनेमाच्या पडद्यावर गेली म्हणून लोकांच्या लक्षात राहिली. ती नावे या लेखात येतीलच. पण कलापथकाची खरी कमाई त्या नावांत मोजू नये असे मला वाटते. वेगवेगळ्या जातींतली, वेगवेगळ्या घरांतली मुले-मुली एकमेकांचे हात धरून चारचौघांसमोर नाचली, ही ती कमाई. चाळीस-पन्नासच्या दशकात ही सोपी गोष्ट नव्हती.

मूळ संघटनेची थोडी ओळख आधी करून देतो. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवा दल उभे केले होते. पुढे ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. त्या काळात संध्याकाळच्या मैदानावर मुलांना धर्माच्या नावाने गोळा करणाऱ्या शाखा भरत होत्या. कोवळ्या वयातल्या मुलांना राष्ट्राची वेगळी, सगळ्यांना सामावून घेणारी कल्पना द्यायची तर व्याख्यान उपयोगाचे नाही, हे एस. एम. आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नीट कळले होते. म्हणून सेवा दलाची शाखा खेळ, कवायत, लेझीम आणि गाणी यांवर उभी राहिली. बेचाळीसच्या चळवळीत दलाचे पुष्कळ कार्यकर्ते तुरुंगात गेले, काही भूमिगत झाले. कवी वसंत बापट हेही त्या चळवळीत तुरुंगवास भोगून आलेले. शाखेवरची गाणी तुरुंगात गेली आणि तुरुंगातली गाणी शाखेवर आली. कलापथकाचे बी या देवघेवीत आहे.

मात्र गाण्यातून समाज जागा करण्याची कल्पना काही सेवा दलाने शोधून काढलेली नाही, आणि आपल्या स्मरणिकांत हे बहुधा सांगायचे राहून जाते. सत्यशोधकांचे जलसे त्याआधी कित्येक वर्षे गावोगाव फिरले होते. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार ढोलकीच्या तालावर वस्त्यावस्त्यांत नेला होता. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक सुरू केले, तेव्हा गिरणगावाने शाहिरी किती पेटू शकते ते पाहिले. गणेशोत्सवातले मेळे होतेच. सेवा दलाचे कलापथक या सगळ्यांच्या मागून आलेले. त्याचे वेगळेपण दोन गोष्टींत होते: शाहिरीच्या बरोबरीने समूहनृत्याला दिलेली जागा, आणि त्या नृत्यात मुलींचा सहज वावर.

कलापथकाची पहिली खरी परीक्षा पंढरपूरच्या वाटेवर झाली. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी आमरण उपोषणाचा निश्चय जाहीर केला. उपोषणाआधी महाराष्ट्र फिरून लोकमत तयार करायचे ठरले. १९४७ च्या सुरुवातीच्या महिन्यांतला तो दौरा म्हणजे सेवा दलाच्या इतिहासातले सोन्याचे पान. गुरुजी बोलायचे, पण बोलण्याआधी आणि नंतर गाणी असायची. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखे तरुण कवी-शाहीर त्या वातावरणात घडले. हेगडे यांनी पुढे मुंबईत सांताक्रूझला साने गुरुजी आरोग्य मंदिर उभे केले आणि शाहिरीही सोडली नाही.

असा दौरा प्रत्यक्षात कसा चालतो याची आज कल्पना करणेही कठीण आहे. एसटीची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे या दौऱ्याच्या वर्षभर नंतर. त्याआधी मिळेल त्या वाहनाने जायचे, नाहीतर पायी. ध्वनिक्षेपक असला तर असला. पेट्रोमॅक्सच्या बत्तीला हवा भरणारा माणूस गायकाइतकाच महत्त्वाचा. कार्यक्रमाची वेळ म्हणजे गावाची जेवणे उरकल्यावर, आणि प्रेक्षक म्हणजे अख्खे गाव. पण ते गाव बसायचे मात्र वाटून. पुढे कोण, मागे कोण, लांब महारवाड्याच्या बाजूला उभे कोण, याची शिस्त शतकांची. अशा गावात रिंगण धरून गाणारी पोरे आली आणि त्या रिंगणात कोण कोणाचा हात धरून उभे आहे हे गावाला ओळखता येईना. भाषणातला मुद्दा खोडता येतो, पंडिताला शास्त्राधार काढून दाखवता येतो. डोळ्यांसमोर चाललेल्या फेराला काय खोडणार?

त्याच वर्षी वाईजवळच्या पसरणी गावात शाहीर साबळे यांनी पुढाकार घेऊन भैरवनाथाचे मंदिर दलितांना खुले करून घेतले. साने गुरुजी, सेनापती बापट आणि कर्मवीर भाऊराव पाटील त्या प्रसंगाला होते. साबळे तेव्हा ऐन पंचविशीच्या आतले. १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींचे उपोषण सुरू झाले आणि दहा-अकरा दिवसांनी मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा होऊन ते सुटले. एका उपोषणाने जातिभेद गेला असे त्या वेळीही कोणी समजत नव्हते. पण दौऱ्यात जी गावे लागली त्यांतल्या अनेक ठिकाणी देवळे आणि विहिरी उघडल्या गेल्या, आणि त्या कामात गाणाऱ्यांचा वाटा बोलणाऱ्यांच्या बरोबरीचा होता.

आता मुलींविषयी. इथे जरा थांबायला हवे, कारण या बाजूचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही.

चाळीसच्या दशकात पांढरपेशा मराठी घरातली मुलगी शास्त्रीय गाणे शिकली तर कौतुक होई, नाटकात काम केले तर कुजबुज होई, आणि ढोलकीवर नाचली तर घराचा उंबरा बंद होई. ढोलकी म्हणजे तमाशा, तमाशा म्हणजे कोल्हाटी-महार-मांग कलावंतांचे पोट आणि प्रतिष्ठितांचे तोंड वेंगाडणे, असे समीकरण पक्के होते. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदीच आली. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मार्ग काढला तेव्हा कुठे फडांना श्वास घेता आला. या पार्श्वभूमीवर सेवा दलाच्या कलापथकात शाळा-कॉलेजातल्या मुली लेझीम घेऊन, कोळणीचा काष्टा नेसून, मुलांच्या बरोबरीने उघड्या मैदानावर नाचायला उतरल्या. सुधा वर्दे यांचे नाव यात अग्रभागी घ्यायला हवे. चळवळीत उतरलेली आणि नाचाला चळवळीचाच भाग मानणारी ही बाई. त्यांची कन्या झेलम परांजपे पुढे ओडिसी नृत्यांगना म्हणून नावारूपाला आली, तेव्हा एका घरातल्या दोन पिढ्यांत केवढा पल्ला पार पडला ते दिसते.

या मुलींना घरून परवानगी कशी मिळाली? मोठा वाटा दलाच्या वडीलधाऱ्या माणसांवरच्या विश्वासाचा होता. एस. एम. आहेत, गुरुजींची माणसे आहेत, म्हटल्यावर आई-वडील पोरींना रात्रीच्या गाडीने परगावी पाठवत. चारित्र्याची अशी हमी हे कलापथकाचे भांडवलच होते. त्याचबरोबर ते एक ओझेही होते, कारण नाच शुद्ध असला पाहिजे, शृंगार गाळला पाहिजे, लावणीला धुऊन-पुसून घेतले पाहिजे, हा आग्रह त्यातूनच आला. ज्यांच्या घरात ही कला जन्मली त्या बायकांकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलली का? थोडी बदलली असेल. पुरेशी नाही.

स्वातंत्र्यानंतर समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि कलापथकाचा सूरही पालटला. परकीय सरकारवर ओढायचे कोरडे आता आपल्याच पुढाऱ्यांवर ओढायचे होते. त्यासाठी तमाशाचा घाट हाताशी होता. गण, गवळण, बतावणी, वग. सरदार आणि सोंगाड्या. मध्येच गोष्ट थांबवून आजच्या बातमीवर टोला हाणायची मुभा. पु. ल. देशपांडे यांनी १९५१ मध्ये ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या हवेत कलापथकाने ते गाजवले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बिनबियांचे झाड’ही याच वळणाचे. शहरातले लेखक, खेड्यातला बाज आणि दोन्हीकडचे हशे, असा तो योग होता. मराठी लोकनाट्याला पांढरपेशा प्रेक्षक मिळवून देण्याचे श्रेय या प्रयोगांना द्यावे लागेल.

पुण्याच्या कलापथकातला एक तरुण लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचा. पगारातला काही भाग दलाला द्यायचा आणि संध्याकाळी तालमीला यायचा. ‘पुढारी पाहिजे’मधल्या रोंगेच्या भूमिकेने निळू फुले हे नाव लोकांच्या तोंडी झाले. १९५७ च्या निवडणुकीसाठी त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग स्वतः लिहिला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातला झेलेअण्णा आला तो १९६८ मध्ये. तोवर त्यांच्या अभिनयाचे शिक्षण कलापथकातच पार पडले होते. पडद्यावरचा त्यांचा सरपंच किंवा कारखान्याचा चेअरमन इतका खरा का वाटतो, याचे उत्तर मला या काळात सापडते. गावच्या सत्तेची नक्कल गावासमोरच करून दाखवायची त्यांची सवय तेव्हापासूनची.

राम नगरकर त्याच पुण्याच्या गटातले. न्हाव्याच्या घरातला मुलगा; आपल्या जातीवर, आपल्या गरिबीवर आणि आपल्याला हसणाऱ्यांवर त्याने ज्या नजरेने पाहिले, ती ‘रामनगरी’ या आत्मकथनात उतरली. मुंबईच्या गिरणगावातून दादा कोंडके आले. सेवा दलाच्या कलापथकात उमेदवारी करून ते पुढे गेले आणि वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांनी १९६५ पासून असे काही चालवले की लोकनाट्य हा व्यवसाय होऊ शकतो हे सिद्ध झाले. तो प्रयोग सेवा दलाचा नव्हता, तो निखळ धंदा होता, आणि त्यात वाईट काही नाही. पण दादांच्या पुढच्या चित्रपटांची चर्चा करताना नाक मुरडणाऱ्या आपल्यातल्या काहींनी एवढे लक्षात ठेवावे, की उघड्या मैदानात दोन-तीन हजार माणसे हसवत ठेवायची ताकद त्यांनी आपल्याच तालमीत कमावली होती.

वगनाट्याने कलापथकाला नाव दिले. ‘महाराष्ट्र दर्शन’ने त्याला रूप दिले. वसंत बापटांची लेखणी, समूहगान, निवेदन आणि एकामागून एक येणारी लोकनृत्ये. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंतचा महाराष्ट्र एका संध्याकाळी रंगमंचावर यायचा. आजच्या भाषेत त्याला संगीतिका म्हणता येईल, पण तिला नायक-नायिका नव्हती. नायक होता तो कष्टणारा, सण साजरे करणारा, लढणारा समूह. कार्यक्रम कमालीचा आनंदी होता. तो आनंद विचारपूर्वक ठेवलेला होता. अन्यायाची जाणीव द्यायची म्हणून दोन तास रडवायचे, असे त्या मंडळींना कधी वाटले नाही. एकत्र राहण्यात मजा आहे, हे पटवायचे तर ती मजा दिसली पाहिजे.

पुढे ‘भारत दर्शन’ आले. याचे मूळ साने गुरुजींच्या आंतरभारतीत आहे. प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा, गाणी, चालीरीती शिकाव्यात ही गुरुजींची अखेरच्या वर्षांतली तळमळ. ११ जून १९५० रोजी ते गेले आणि ती तळमळ मागच्यांच्या गळ्यात पडली. भाषावार प्रांतरचनेसाठी रस्त्यावर उतरलेल्या, मुंबईसाठी गोळ्या खाल्लेल्या महाराष्ट्राने इतर प्रांतांची नृत्ये मन लावून शिकावीत, हे मला आजही विलक्षण वाटते. दुसऱ्याचे गाणे नुसते ऐकणे सोपे असते. दुसऱ्याचा ठेका पायांत बसवायला महिना-दीड महिना घाम गाळावा लागतो, आणि तेवढ्या वेळात तो माणूस परका राहत नाही. ज्यांनी राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहून बक्षिसे मिळवली त्यांच्यापेक्षा हे शिकलेली मुले मला अधिक भरवशाची वाटतात.

या दर्शनांच्या दौऱ्यांत एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी असायची. वडील शिवाजीराव पाटील आणि आई विद्याताई, दोघेही सेवा दलाच्या मुशीतले. स्मिता पाटील कलापथकात समूहाचा भाग म्हणून नाचली, गायली. १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये तिची चिंधी ठाकरांच्या फेरात मिसळते, तेव्हा ती तिथे पाहुणी वाटत नाही. अभिनयाचे श्रेय अर्थातच तिचे आणि दिग्दर्शक जब्बार पटेल यांचे. तरी फेरात उभे राहायची सवय तिला लहानपणापासून होती, एवढे म्हणायला हरकत नसावी.

हे सगळे लिहिताना उणिवांवर पांघरूण घालणे बरे दिसणार नाही. कलापथकात जात विचारली जात नव्हती हे खरे. पण लिहिणारे कोण, बसवणारे कोण, निवेदन करणारे कोण, असे पाहिले तर बहुतेक नावे शहरी, उच्चवर्णीय घरांतली निघतात. कोळीनृत्य होते, कोळी किती होते? आदिवासी नृत्य होते, ते ज्यांचे होते त्यांच्यातले कोणी तालमीला बसले होते का? आंबेडकरी जलशांची आणि वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींची केवढी मोठी परंपरा शेजारी चालली होती. ती आणि आपली परंपरा एका मंचावर क्वचितच आल्या. जात विसरा असे आपण म्हणत होतो, तेव्हा ज्यांना ती क्षणभरही विसरू दिली जात नव्हती त्यांचा अनुभव आपल्या गाण्यांत पुरेसा आला नाही. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि तिच्या कवींनी वेगळ्याच भाषेत बोलायला सुरुवात केली, तेव्हा ही उणीव सगळ्यांनाच दिसली. पण सेवा दलाच्या शाखांतून निघालेल्या बाबा आढावांनी त्याच सुमारास ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ उभारली, आणि हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापून आपल्या समाजातल्या स्त्रियांचा प्रश्न ऐरणीवर आणला. मंचावर जे अपुरे राहिले ते काहींनी मंचाखाली उतरून पुढे नेले.

सत्तरच्या दशकापासून कलापथकाचा बहर ओसरला. कारणे फार गूढ नाहीत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि संध्याकाळ घरात शिरली. चांगले कलावंत व्यवसायात गेले. आणीबाणीत कार्यकर्ते तुरुंगात, नंतर पक्षांची फाटाफूट. दर दौऱ्याला लागणारी वीस-पंचवीस माणसांची रजा, तालमीची जागा, जेवणखाण यांचा मेळ बसेना. संघटना थकली की आधी गाणे थकते. अधूनमधून नवी पथके उभी राहिली, शिबिरांत नाच-गाणी चालू राहिली, पण महाराष्ट्राने वाट पाहावी असा कार्यक्रम पुन्हा झाला नाही.

तरीही कलापथकाची रीत इतरत्र उगवत राहिली. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने लोकनृत्यांचा भव्य कार्यक्रम तिकीट काढून बघायला लोकांना शिकवले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे दौरे करून पैसे उभे केले आणि ते पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी ठेवले; मानधन न घेता गावोगाव प्रयोग करण्याची ती पद्धत निळूभाऊंना नवी नव्हती. मुंबईत गोरेगावला केशव गोरे स्मारकाच्या सभागृहात आजही चळवळीची गाणी, नाटके, चर्चा होतात. रायगड जिल्ह्यात वडघरच्या साने गुरुजी राष्ट्रीय स्मारकात मुलांची शिबिरे भरतात आणि फेर धरला जातो.

एक गोष्ट मात्र आपल्या हातून निसटत चालली आहे. वगनाट्यांच्या काही संहिता छापल्या गेल्या, बापटांची गीते संग्रहांत आहेत. पण ‘महाराष्ट्र दर्शन’चे नाच कसे बसवले होते, कोणत्या गाण्याला कोणती चाल होती, वाद्ये कोणती होती, रांगा कशा फिरायच्या, याची नीट नोंद कुठेही एकत्र नाही. ज्यांच्या पायांत ते होते ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हणून वाचकांना विनंती आहे: आपल्या घरात त्या काळच्या गाण्यांच्या वह्या, हस्तपत्रके, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे किंवा टेपवरचे ध्वनिमुद्रण असेल, तर ते जवळच्या शाखेत आणून द्यावे; मूळ प्रत ठेवायची असेल तर नक्कल द्यावी. आई, मावशी, काका कलापथकात होते असे कोणी सांगत असेल, तर त्यांना या दिवाळीच्या सुटीत समोर बसवून आठवतील त्या चाली आणि पावले मोबाइलवर टिपून घ्यावीत. छायाचित्रामागे नावे लिहायला विसरू नये, आणि मागच्या रांगेतल्यांची आधी लिहावीत.